पुलापलीकडचे रोजचे दिवस

धर्मांतराच्या कथेत वाचकाचे सारे लक्ष एका दिवसाकडे लागलेले असते. संशय, वाचन, वादविवाद, घरच्यांचा विरोध आणि अखेरीस बाप्तिस्मा असा चढत जाणारा क्रम त्याला सोयीचा वाटतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव वर्गात निघाले की विद्यार्थ्यांना हाच क्रम ठाऊक असतो: १८९३ सालचा आगगाडीचा प्रवास, सहप्रवासी गोऱ्या गृहस्थाने हाती ठेवलेला नवा करार आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झालेला बाप्तिस्मा. पण त्यानंतर टिळक आणखी चोवीस वर्षे जगले. त्या चोवीस वर्षांत देवाशी राखलेली निष्ठा म्हणजे नेमके काय होते? ती कोणत्या वेळी, घरातल्या कोणत्या खोलीत आणि कोणाच्या जिवावर राखली गेली? हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने त्याचे उत्तर मात्र फार तपशीलवार देऊन ठेवले आहे, आणि आमच्या मते त्या वाङ्मयाचे मोल तेथेच आहे.

टिळक सांगत असत की, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो. त्यांच्या चरित्रकारांनी, समीक्षकांनी आणि प्रवचनकारांनी हे विधान इतक्या वेळा उद्धृत केले आहे की त्यातला पूल आता कोणाच्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही. आम्ही ज्या परिसरात मराठी शिकवतो तेथे मात्र तो उभा राहतो. देहू आणि आळंदी ही दोन्ही गावे इंद्रायणीकाठची, आणि हीच इंद्रायणी पिंपरी-चिंचवडच्या उत्तर सीमेवरून वाहते. भोसरी-मोशीकडून चाकणच्या कारखान्यांत जाणारा कामगार पुणे-नाशिक रस्त्यावरच्या पुलाने रोज ती ओलांडतो. पाळी संपली की परत ओलांडतो. परंपरा सांगते की तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते याच नदीत बुडविली आणि त्यानंतरही त्यांना संसार करावाच लागला. पूल ओलांडणे हे काम एका दिवसाचे, आणि पलीकडे पोहोचल्यावर जे करायचे ते रोजचे. टिळकांच्या विधानाचा हा दुसरा अर्धा भाग त्यांनी स्वतः क्वचितच बोलून दाखवला. तो लिहिला त्यांच्या पत्नीने.

लक्ष्मीबाईंकडे वळण्यापूर्वी एका शब्दाकडे पाहणे उपयोगाचे ठरेल. ‘इमान’ हा शब्द अरबीतून आला. मुळात त्याचा अर्थ ईश्वरावरील श्रद्धा. मराठीत आल्यावर मात्र त्याने देवघर सोडले आणि तो चाकरीच्या जागी येऊन बसला. इमानी नोकर, इमानेइतबारे केलेली सेवा, खाल्ल्या मिठाला जागणे, असे त्याचे संसार. ‘विश्वासू’ या शब्दाचेही तसेच आहे. ज्याच्या हाती किल्ल्या द्याव्यात, ज्याच्याकडे हिशेब सोपवून गावाला जावे, तो विश्वासू. मराठी बायबलात देवाशी एकनिष्ठ असणाऱ्या माणसासाठी हाच शब्द येतो, आणि येशूने सांगितलेल्या दाखल्यांतही विश्वासूपणाची पारख धन्याने सोपवून दिलेल्या कामावरून आणि पैशावरून होते. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसाला देवाविषयी बोलताना जी भाषा मिळाली ती मुळातच काम, हिशेब आणि जबाबदारी यांची भाषा आहे. तिच्यात केवळ अंतःकरणाच्या उमाळ्यावर भागत नाही.

कारखानदारीच्या पट्ट्यात ही गोष्ट विशेष जाणवते. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढच्या दोन दशकांत आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथल्या शेतांवर कारखान्यांच्या छपरांची रांग लागली. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि पुढे चाकणचा माळही मोटारींच्या कारखान्यांनी भरला. महाराष्ट्राच्या सर्व जिल्ह्यांतून माणसे येथे आली. त्यांत नगर जिल्ह्यातली ख्रिस्ती कुटुंबेही होती. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, कारण विजेचा भार विभागण्यासाठी निरनिराळ्या औद्योगिक भागांना निरनिराळे वार वाटून दिले गेले. ख्रिस्ती कामगाराच्या दृष्टीने याचा अर्थ उघड आहे. प्रभूचा दिवस म्हणून ज्या रविवारी त्याने उपासनेला बसायचे, त्या रविवारी त्याला यंत्रापुढे उभे राहावे लागते. त्याची भक्ती रविवारवर विसंबून राहू शकत नाही. ती सोमवारी, बुधवारी, रात्रपाळीत, डबा खाताना आणि हजेरीच्या रांगेतच निभावली पाहिजे. अशा वाचकाला मराठी ख्रिस्ती वाङ्मयातले कोणते पुस्तक जवळचे वाटेल?

एक पुस्तक बाबा पदमनजींचे. १८३१ साली बेळगावात जन्मलेल्या आणि १८५४ साली ख्रिस्ती झालेल्या पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहून मराठी कादंबरीच्या इतिहासात आपली जागा निश्चित केली. त्यांचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’ हे मराठीतल्या आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक होय. त्याच्या नावातच त्याची दिशा आहे. उजाडण्यापर्यंतचा काळोख, त्यातली चाचपड आणि मग प्रकाश, असा या पुस्तकाचा भर आहे, आणि बुद्धीने सत्य शोधणाऱ्या माणसाची प्रामाणिक कैफियत म्हणून ते आजही वाचनीय आहे. परंतु उजाडल्यानंतरचा दिवस कसा गेला, दुपारी ऊन किती होते, संध्याकाळी घरात काय शिजले, हे त्याच्या योजनेत बसत नाही.

दुसरे पुस्तक ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मकथन १९३४ ते १९३६ या काळात भागशः पुस्तकरूपाने आले, आणि १९३६ च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई गेल्या. शाळेचे शिक्षण नसलेल्या, लेखणीशी उशिरा मैत्री झालेल्या बाईने बोलल्यासारखे लिहिलेले हे पुस्तक मराठी गद्याचा मानदंड ठरले. त्याची विनोदबुद्धी, त्याची निर्मळ भाषा, पतिपत्नींचे भांडण-प्रेम यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. आम्हांस येथे त्यातल्या एकाच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. ती गोष्ट म्हणजे पाणी.

पुस्तकाच्या आरंभीच लक्ष्मीबाईंचे वडील भेटतात. १८५७ नंतरच्या धामधुमीत घरातल्या जवळच्या माणसाला फाशी झाली आणि त्या धक्क्याने त्यांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही, स्पर्शाची शंका आली की पुन्हा धुणे, पुन्हा न्हाणे. लहानग्या मुलीचे सारे बालपण या पाण्याखाली गेले. मोठेपणी तिच्या नवऱ्याने धर्म बदलला, तेव्हा तिच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो त्रैक्याचा किंवा पापमुक्तीचा नव्हता. त्याच्या घरचे पाणी प्यावे की नाही, हा होता. जवळजवळ पाच वर्षे ती नवऱ्यापासून दूर राहिली. पुढे मुलाला घेऊन परत आली तेव्हाही तिने आपले सोवळे बरोबर आणले. एका छपराखाली ख्रिस्ती नवरा आणि वेगळे पाणी भरणारी, वेगळी चूल पेटविणारी बायको, असा संसार काही काळ चालला. टिळकांनी त्यावर जबरदस्ती केली नाही, ही त्यांची थोरवी.

मग एक दिवस लक्ष्मीबाईंच्या मनाने निकाल दिला. भेदाची ही उतरंड देवाने रचलेली नाही, ती माणसाची करणी आहे, हे त्यांना स्वतःच्या विचाराने उमगले आणि त्या कोणाच्याही हातचे पाणी पिऊ लागल्या. येथे क्रमाकडे लक्ष द्यावे. पाणी आधी, बाप्तिस्मा नंतर. १९०० साली त्यांनी विधिपूर्वक ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा खरा बदल घरातल्या माठापाशी होऊन गेला होता, आणि मंडळीसमोरच्या विधीने त्याची फक्त नोंद झाली. धर्ममताच्या इतिहासात हा क्रम उलटा शिकवला जातो: आधी श्रद्धा, मग आचरण. लक्ष्मीबाईंच्या अनुभवात आचरणाने वाट काढली आणि श्रद्धा तिच्या मागून आली. या पुस्तकाला प्रचारकी म्हणून बाजूला टाकणाऱ्यांनी आणि धर्मबोधाचे पुस्तक म्हणून ते वाटणाऱ्यांनीही हा तपशील नीट वाचलेला नाही, असे आम्हांस नम्रपणे म्हणावेसे वाटते.

निष्ठेची दुसरी बाजू पैशाची. टिळकांच्या औदार्याच्या कथा प्रसिद्ध आहेत. हाती आलेला पैसा हाती राहत नसे, दाराशी आलेला माणूस विन्मुख जात नसे, पाहुणा किती दिवस राहणार हे कोणी विचारीत नसे. ‘बालकवी’ ठोंबरे याच घरात मुलासारखे राहिले. ख्रिस्ती न होता राहिले, आणि लक्ष्मीबाईंच्या हातचे जेवले. टिळकांच्या लेखी हे सारे ख्रिस्ताच्या आज्ञेचे पालन होते. पण पालनाला पीठमीठ लागते, आणि ते आणण्याचे काम दुसऱ्या कोणाचे तरी असते. १९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडले, साताऱ्यास जाऊन ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या माणसांना त्यात जागा दिली. परकीय पैशाच्या छायेतून भारतीय ख्रिस्तभक्ती बाहेर यावी, ही त्यामागची तळमळ थोर होती, यात शंका नाही. वेतन सुटलेल्या घरात महिन्याची तोंडमिळवणी करणे हीदेखील देवाशी एकनिष्ठ राहण्याचीच एक रीत होती. तिला संप्रदायाचे नाव मिळाले नाही, एवढेच. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो ते बहुधा याच जागी हसतो, आणि त्या हसण्याखाली किती हिशेब दडलेले आहेत याची जाणीव उशिरा होते. नवऱ्याची निष्ठा देण्यात होती, बायकोची पुरविण्यात. एकीवाचून दुसरी चार दिवसही टिकली नसती.

पैशाकडून कामाकडे वळलो की पुणे जिल्ह्याच्याच दौंड तालुक्यातले केडगाव आठवते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला, आणि त्यांच्याविषयीची बहुतेक चर्चा आजही त्याच घटनेभोवती घोटाळते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदासदन, त्याचे पुण्यास स्थलांतर, तेथला वाद, हा भाग अभ्यासक्रमात येतो. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपासमारीने खंगलेल्या मुली आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्तिसदन वाढू लागले, हा भाग ओझरता येतो. त्या माळावर रोज काय चाले, हे तर येतच नाही. तेथे विणकाम होते, शिवण होती, तेलाचे घाणे होते, गाईगुरे होती, शेती होती आणि छापखाना होता. घराने टाकलेल्या, समाजाने अपशकुनी ठरविलेल्या बाया आणि मुली तेथे सकाळी प्रार्थना करून कामावर जात. प्रार्थना आणि काम यांच्यामध्ये भिंत नव्हती.

त्या छापखान्यातले काम विशेष सांगण्यासारखे आहे. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले. अल्प शिकलेल्या बाईलाही कळेल अशी साधी भाषा असावी, हा त्यांचा आग्रह होता. सदनातल्या बायाच खिळे जुळवीत, मुद्रिते तपाशीत, छपाई करीत. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, त्याच्या थोडे आधी भाषांतराचे काम पुरे झाले होते. १९२४ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकटीच्या नावावर संपूर्ण बायबलाचे भाषांतर असणारी बाई जगाच्या इतिहासात विरळा. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या खिळे जुळविणाऱ्या बाया तितक्याच महत्त्वाच्या आहेत. उलट्या अक्षरांत, शाईने काळ्या झालेल्या बोटांनी, एकेक ओळ बरोबर लावणे ही त्यांची उपासना होती. चुकलेला खिळा उपसून पुन्हा बसविणे हाही त्यातलाच भाग. यंत्रावर मोजमाप चुकू नये म्हणून डोळ्यांत तेल घालणाऱ्या चाकणच्या कामगाराला ही उपासना कदाचित आमच्यापेक्षा चटकन समजेल.

येथवर आम्ही ज्यांची नावे घेतली ती माणसे बहुतेक ब्राह्मण घरांतून ख्रिस्ती झालेली आहेत, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ साली सुरू झाले, ‘ज्ञानोदय’ तेथेच १८४२ साली निघाला आणि त्याच्या मराठी भागाचे संपादन पुढे १९१२ पासून टिळकांनी केले. परंतु त्या जिल्ह्यात (आजच्या अहिल्यानगरात) जी मंडळी वाढली ती मुख्यतः महार आणि मांग समाजांतून. त्यांच्यापुढचा पाण्याचा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या प्रश्नाच्या नेमका उलट होता. लक्ष्मीबाईंना ठरवायचे होते की दुसऱ्याचे पाणी घ्यावे की नाही. यांना गावच्या विहिरीवर चढण्याचीच मुभा नव्हती, आणि बाप्तिस्म्याने ती मिळाली असेही नाही. एकाच उपासनामंदिरात, एकाच भक्तिगीताच्या स्वरात हे दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी बसत. लक्ष्मीबाईंनी सोडलेले सोवळे हा त्यांचा वैयक्तिक विजय आहेच. पण ज्यांच्या स्पर्शाची भीती त्यांनी सोडली, त्या शेजारणींनी आपल्या बाजूने काय सोडले, काय सोसले, याचे ‘स्मृतिचित्रे’ लिहिले गेले नाही.

त्यांची किंमत पुढे कागदोपत्री ठरली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. याचा रोजच्या जीवनातला अर्थ असा की शाळेत नाव घालताना, नोकरीचा अर्ज भरताना धर्माच्या रकान्यात काय लिहायचे, हा अशा कुटुंबापुढचा भक्तीचाच प्रश्न होतो. खरे लिहिले तर सवलत जाते. न लिहिले तर रविवारी गाणे गाताना घशात काहीतरी अडकते. ज्यांनी एक लिहिले आणि ज्यांनी दुसरे, त्यांच्यापैकी कोणाची निष्ठा कमी म्हणायची? आडनावावरून ज्याची जात विचारली गेली नाही अशा माणसाने तरी हा निवाडा करू नये. देवाशी विश्वासू राहण्याची परीक्षा काहींना विद्वत्तापूर्ण वादात द्यावी लागली, काहींना स्वयंपाकघरात आणि काहींना सरकारी अर्जाच्या एका रकान्यात. तिसरी परीक्षा सर्वांत कठीण, कारण तिच्यात मुलांचे शिक्षण पणाला लागते.

आमच्या विद्यार्थ्यांपुढे आम्ही हे मांडतो तेव्हा काहींना वाटते की हा साहित्याचा विषय नव्हे, समाजशास्त्राचा आहे. आम्हांस ते पटत नाही. संतवाङ्मयाने मराठीला शिकविले की देव दळणकांडणात, मडके घडविण्यात, मळ्याला पाणी देण्यात भेटतो. टिळकांनी अभंगाचा छंद घेतला तेव्हा त्यासोबत हा संस्कारही घेतला, आणि मराठी मंडळ्यांच्या उपासनेत त्यांची गीते आजही गायली जातात. परंतु काव्याने ज्या रोजच्या जगण्याकडे निर्देश केला त्याचा तपशील गद्याने पुरवावा लागतो, आणि तो तपशील अद्याप फार थोड्यांनी पुरविला आहे. नगरच्या खेड्यांतून या पट्ट्यात आलेली पहिली पिढी कधीच निवृत्त झाली. गुरुवारी सुट्टी आणि रविवारी पाळी असताना प्रार्थना केव्हा केली, मालाच्या मोजणीत खोटा आकडा लिहावयास सांगितले गेले तेव्हा काय केले, संपाच्या दिवसांत शेजाऱ्याच्या घरी शिधा पोहोचविला काय, चाळीतल्या नळावर पहिल्या वर्षी कोणत्या क्रमाने उभे राहावे लागले, हे त्या पिढीला सांगता येईल. आमच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी अशी आजी किंवा आजोबा आहेत त्यांनी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. बाप्तिस्मा कधी झाला हे विचारू नये, ते मंडळीच्या नोंदवहीत सापडेल. नळावरचे पाणी कसे मिळाले, तेथून सुरुवात करावी.